डुक्कर फियाटच्या दाराची मूठ, आणि सुटे भाग हुडकण्याचा नाद

उलटादरवाजा

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलो, कारण घरात या विषयावर बोलायला बंदी झाली आहे.

आजोबांची १९५५ ची फियाट ११०० आहे. कागदोपत्री नाव मिलेचेंतो, पण तिला डुक्कर फियाट याच नावाने सगळे ओळखतात. पुढून नाकाड पाहिलंत की कारण विचारावं लागत नाही. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला आणि मूठ पुढच्या बाजूला. (माझं इथलं नाव त्यावरूनच.) आजोबा गेल्यावर ती वाड्यामागच्या शेडमध्ये सतरा वर्षं विटांवर उभी होती. डिकीत मांजरीच्या तीन पिढ्या नांदल्या. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा काकांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं, मी टेम्पो बोलावला.

मला वाटायचं, इंजिन म्हणजे सगळ्यात अवघड काम. ते तर सगळ्यात सोपं निघालं! १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हीच जात पुढे फियाट डिलाइटमध्ये आणि थेट शेवटच्या प्रीमियर पद्मिनीपर्यंत चालली. त्यामुळे रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्ह, वॉटर पंप हे सगळं दोन शनिवारांत गोळा झालं. मिस्त्रींनी बोअर मारून दिला आणि तिसऱ्या महिन्यात इंजिन टेबलावर धडधडायला लागलं. मी पेढे वाटले. सांगायचं कारण, ते पेढे फार लवकर वाटले गेले.

उजव्या पुढच्या दाराची बाहेरची मूठ नाहीये. मागच्या एका दिव्याची लाल काच नाहीये. एवढंच राहिलंय. या 'एवढ्यालाच' दोन वर्षं झाली.

दोन वर्षांतले बहुतेक रविवार पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. बुधवारीही भरतो, पण बुधवारी मला पोटापाण्याचा उद्योग असतो. सकाळी साडेसातला माल उतरत असतो तेव्हा पोचायचं. पथारीवर कुलपं, नळाच्या चाव्या, बंद पडलेले मोबाईल, एका पायातले बूट, पितळी समया, टीव्हीचे रिमोट, आणि मधेच एखादी गाडीची वस्तू, जी कशाची आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सुरुवातीला मी मोबाईलवरचा फोटो दाखवून "ऐसा हँडल है क्या" विचारत फिरायचो. घोडचूक. तिसऱ्या रविवारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं होतं की एका चष्मेवाल्याला फियाटची मूठ हवीय, आणि कुठल्याही मुठीचा भाव पाचशेवरून दोन हजारांवर गेला होता. आता मी आधी समयीचा भाव विचारतो.

पिशवीत चार गोष्टी कायम असतात: विजेरी, व्हर्निअर, लोहचुंबक आणि उरलेल्या तीन मुठींवरून पुठ्ठ्यावर काढलेली आकृती. फोटोवर विश्वास ठेवू नका, फोटोत ॲम्बेसेडरची मूठसुद्धा फियाटची दिसते. हा धडा साडेचार हजारांना पडला. एका विक्रेत्याने (नाव नको) कुरियरने 'सेम टू सेम' पाठवली, आणि उघडल्यावर मला तिचं नाव घेऊन हाक मारता आली असती, इतकी ती ॲम्बेसेडरची होती. परत घेणार नाही म्हणाला. अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

तर तुमचे अनुभव सांगा. कुठे शोधता, कसं ओळखता, काय हुकलं, काय अचानक सापडलं. गाडी चारचाकीच हवी असं नाही.

पातळभाजी

वाचतेय. मांजरीच्या पिढ्यांवर वेगळा धागा काढा.

व्यवहारी

साडेचार हजारांची मूठ, त्याआधी इंजिन, त्याआधी टेम्पो. या हिशोबात एखादी बरी सेकंडहँड गाडी आली असती, आणि तिला चारही मुठी असत्या.

उलटादरवाजा

@व्यवहारी, हेच वाक्य घरी रोज ऐकतो. इथे तरी नको.

कुर्लापश्चिम

धागा काढल्याबद्दल आभार. जरा लांबण लावतो.

आमचे वडील प्रीमियरच्या (आपल्याकडच्या फियाट बनवणारी कंपनी) कुर्ल्याच्या कारखान्यात होते, बॉडी शॉपला. कंपनी वालचंद हिराचंदांची, १९४४ ची. १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जोडायला सुरुवात झाली, फियाट नंतर आली. हे तुम्हाला माहीत असेलच. सांगायचा मुद्दा वेगळा आहे.

मुंबईत जुन्या फियाटचे सुटे भाग इतकी वर्षं मुबलक होते ते दुकानांमुळे नाही, टॅक्सींमुळे. काळीपिवळी हीच आपली सुट्या भागांची मोठी जत्रा होती, फक्त रोज रस्त्यावर फिरायची. २००८ मध्ये टॅक्सीला पंचवीस वर्षांची मर्यादा आली, २०१३ मध्ये वीसची. त्या दोन्ही वेळी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पद्मिनीचे भाग किलोवर विकले गेलेत. दरवाजे भिंतीसारखे रचलेले असायचे. डायनॅमो, सेल्फ, डिलको यांचे ढीग. तेव्हा कुणी घेतलं नाही, कारण "कधीही मिळेल". शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात पासिंग झालेली, ती ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली. आता तो झरा आटला. गेल्या वर्षी पद्मिनीचा चांगला कार्बोरेटर शोधायला मला चार फेऱ्या पडल्या. तुम्ही तुमचं इंजिन बांधून मोकळे झालात ते बरं केलंत.

पण तुमची अडचण निराळी आहे. १९६४ मध्ये डिलाइट आली तेव्हा दरवाजे सरळ झाले, सगळा पत्रा बदलला. त्यामुळे हजारो टॅक्सी तुटल्या तरी तुमच्या मुठीला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. डुक्करची मूठ फक्त डुक्करवरून येणार, आणि डुक्कर टॅक्सी माझ्या लहानपणीच भंगारात गेल्या.

(सीएसटी रोडला लोक छत्रपती शिवाजी टर्मिनसचा रस्ता समजतात. तो सेंट्रल साल्सेट ट्रामवेचा. ट्राम गेली, तिचं नाव राहिलं.)

पिस्टनबद्दल एक. बोअर तोच असला तरी पद्मिनीच्या पिस्टनचं डोकं ताडून पाहिलंत ना? जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी होतं.

उलटादरवाजा

@कुर्लापश्चिम, पाहिलं. मिस्त्री म्हणाले आत्ताच्या पेट्रोलला चालून जाईल. चालतंय.

सदाशिवपेठी_७२

चोर बाजारात शुक्रवारी पहाटे जा. मटण स्ट्रीटची पक्की दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि रस्त्यावर पथाऱ्या लागतात. अंधारात. विजेरी हवीच. मी १९८१ साली माझ्या मॉरिस मायनरची चारपैकी तीन चाकांची झाकणं तिथेच घेतली. चौथं मिळालं नाही. अजून नाही. पण सिरीज टू मायनर असल्यामुळे बाकीचं सगळं विलायतेहून पोस्टाने येतं, अगदी रबरी बीडिंगसुद्धा. इंग्रज माणूस स्वतःची जुनी गाडी मरू देत नाही एवढं मान्य करावं लागेल.

एक सूचना. चोर बाजारात नुसती चासी नंबरची पट्टी किंवा इंजिन नंबर असलेला सुटा ब्लॉक स्वस्तात मिळाला तर हात लावू नका. मूठ चोरीची निघाली तर मूठच जाते, नंबर चोरीचा निघाला तर पोलीस ठाण्यात चहा प्यावा लागतो.

आणखी एक. इंग्लिश गाडी असेल तर पाने वेगळे लागतात. जुन्या नटबोल्टांना व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी मापाचे) आटे, दहा-अकरा, बारा-तेराचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि कडा गोल करून ठेवतो. जुन्या बाजारात पानावर डब्ल्यू किंवा बीएस लिहिलेलं दिसलं की घेऊन ठेवा, गाडी असो नसो.

उद्यमनगरी

राम राम. आम्ही कोल्हापूरचे. तुम्ही पुण्यामुंबईची मंडळी वस्तू हुडकत बसता दोन-दोन वर्षं. आमच्याकडं पद्धत अशी, नमुना आणा, आठ दिवसांनी या.

मुठीचं सांगतो. उरलेल्या तीनपैकी एक काढून द्या. तिच्यावरनं साचा करून पितळंत ओतता येती. पण नुसती छाप घेऊन ओतली तर बसणार न्हाई. पितळ गार होताना साधारण दीड टक्का आकसतं. म्हंजे चौदा सेंटीमीटरची मूठ दोन मिलिमीटरनं आखूड निघणार आणि दारातली भोकं चुकणार. पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतोय. ओतल्यावर फायलिंग, बफिंग, मग तांबं, निकेल, क्रोम. घाईत क्रोम थेट मारणारे असत्यात, दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात.

मूळ मूठ कशाची हाय ते बघा आधी. चुंबक चिकटला तर पत्रा. न्हाई चिकटला तर पितळ न्हाईतर माझाक, म्हंजे जस्ताची भेसळ. खालच्या बाजूला बारीक कानसून बघा, पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर माझाक. माझाकवर फोड आलं असतील तर ती पुन्हा क्रोम करायच्या नादाला लागू नका, ॲसिडमधी विरघळून हातात चिमूटभर येती.

उलटादरवाजा

राखाडी. आणि फोड आहेत.

उद्यमनगरी

मग ओता पितळंत. दुसरी वाट न्हाई.

साबुदाणावडा

मी फिलाडेल्फियाच्या बाहेर राहते. माझ्याकडे जुनी गाडी नाही, पण शेजारच्या आजोबांकडे फोर्ड मॉडेल ए आहे, आणि त्यांच्याबरोबर मी गेली सहा वर्षं हर्शीच्या जत्रेला जाते. वयोमानाने त्यांना हातगाडी ओढवत नाही, मी ओढते.

हर्शी म्हणजे तेच चॉकलेटचं गाव. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेळावा भरतो, १९५५ पासून. क्लब १९३५ चा. गाड्यांचं प्रदर्शन शेवटच्या दिवशी. त्याआधीचे दिवस नुसता बाजार. इतका मोठा की मैदानांना रंगांची नावं आहेत: लाल, हिरवं, नारिंगी, आणि अर्थात चॉकलेटी. हजारो जागा आखलेल्या. पहिल्या वर्षी मी घरातल्या चपला घालून गेले. संध्याकाळी पायांना दोन फोड आणि डोक्यात एक गोष्ट: आळंदी ते पुणे चालणं सोपं होतं, तिथे निदान कुणी मधेच थांबून रेडिएटरची टोपी न्याहाळत नाही.

लोक पाठीवर पुठ्ठ्याची पाटी अडकवून फिरतात, "अमुक सालच्या पॅकार्डचा उजवा दिवा हवा". पुढे बघत चालायचं, दुकानदारच मागून हाक मारतो. मला ही पद्धत फार आवडली. उपवर मुलांच्या आयांनी विचार करावा.

आजोबांकडून शिकलेल्या गोष्टी. खरा सौदा उजाडण्याआधी होतो, विक्रेते ट्रकमधून माल उतरवतात तेव्हा, आणि तो बहुतेकदा विक्रेत्यांचा आपापसातच होतो. शेवटच्या दुपारी भाव पडतात, कारण लोखंड परत घरी न्यायचा कुणालाच उत्साह नसतो. टेबलावरची चकचकीत वस्तू पाहू नका, टेबलाखालची खोकी पाहा. आणि विकणाऱ्याशी गाडीबद्दल बोला, किमतीबद्दल शेवटी. आजोबा एका इग्निशन स्विचसाठी पन्नास मिनिटं बोलले, त्यातली पंचेचाळीस दोघांच्या गुडघ्यांवर.

पूर्वी ही मैदानं गवताची होती आणि पाऊस पडला की चिखलात ट्रक रुतायचे. आता बराच भाग डांबरी झालाय. तर त्या चिखलाच्या आठवणीने उसासे टाकणारी मंडळीही भेटतात. माणूस कशाची आठवण काढेल सांगता येत नाही.

इटालियन गाड्यांचे भाग तिथे कमी, डुक्करचं मला कधी काही दिसलं नाही. पण पुढच्या खेपेला पाठीवर पाटी लावून फिरेन, तुमची आकृती पाठवा.

पातळभाजी

उपवर मुलांच्या आया :)) खिक्क.

माझ्याकडून काचेबद्दल. मी रेझिनचे दागिने करते, वडिलांच्या बजाज १५० च्या मागच्या दिव्याची काच मी घरीच केली. चांगल्या काचेचा सिलिकॉन रबरात साचा घ्यायचा, आतली नक्षी (त्या बारीक बारीक भिंगांच्या रेघा) हुबेहूब उतरते. मग स्वच्छ रेझिनमध्ये लाल रंग घालून ओतायचं. रंगाचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका, आधी बिस्किटाएवढ्या चकत्या करून मागे दिवा लावून बघा. माझी पहिली काच दिवसा सुंदर लाल होती आणि रात्री मागून जांभळी दिसायची, गणपतीच्या मखरासारखी.

दोष दोन. उन्हात दीड-दोन वर्षांत पिवळट-फिकट होते. आणि जुन्या दिव्यातला बल्ब तापतो, काच आणि बल्ब यात अंतर कमी असेल तर रेझिन मऊ पडतं. कमी तापणारा एलईडी बल्ब लावलात तर भागेल, पण शुद्धतावादी लोक आता मला हाणतील.

सदाशिवपेठी_७२

हाणत नाही, पण नोंद करून ठेवतो.

उलटादरवाजा

@पातळभाजी, दुसऱ्या बाजूची काच शाबूत आहे. पण दोन्ही बाजूंची काच एकच असते की आरशातली? आत्ता उठून पाहतो.

...

एकच आहे. उलटी केली की बसते. मग साचा घेता येईल! कुरियर करतो, पण जीव धाकधूक.

पातळभाजी

मी कुरियरची काच घेणार नाही, फुटली तर जन्माचे शिव्याशाप. नाशिकला या, मिसळ खा, साचा दीड तासात होतो.

नेकारकाठ

हा धागा सकाळी ट्रेनमध्ये वाचला आणि उतरायचं स्टेशन चुकलो.

मी श्टुटगार्टजवळ असतो. माझ्यापासून तासाभरावर हाइलब्रोन आहे. तिथे एनएसयू-फियाटच्या कारखान्यात फियाट ११०० परवान्याखाली बनायची, नाव होतं नेकार, त्या नदीवरून. तुमचीच बहीण. उलटे दरवाजेसुद्धा. इटलीत डुक्करचे भाग शोधणारे पुष्कळ आहेत आणि इमोलाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर सप्टेंबरात जो अदलाबदलीचा बाजार भरतो तिथले इटालियन विक्रेते आपल्या मालाची किंमत पक्की जाणून असतात. नेकार मात्र इथे जर्मनीतच विसरली गेलीय. कुणाला नको असलेल्या गाडीचे भाग स्वस्त असतात.

मानहाइमला ऑक्टोबरात वेटेरामा भरतो. १९७५ पासूनचा, मोठा मेळा. पुढच्या महिन्यात जाणार आहेच (माझा रोग वेगळा, जुन्या हॉरेक्स मोटारसायकलींचा). आकृती पाठवा, पण व्हर्निअरची मापं हवीत: दोन स्क्रूंमधलं अंतर, चौकोनी दांडीची लांबी आणि जाडी. आणि नेमकी कोणती? उजवी पुढची?

उलटादरवाजा

उजवी पुढचीच. डावी पुढची आणि दोन्ही मागच्या आहेत. मापं आज रात्री टाकतो. तुमच्या तोंडात साखर पडो. जर्मनीत मिळते ना?

उद्यमनगरी

थांबा थांबा. एक इचार करा.

पुढचा दरवाजा उलटा, बिजागरी मधल्या खांबाला. मागचा सरळ, त्याचीबी बिजागरी मधल्याच खांबाला. मग पुढची मूठ पुढच्या टोकाला आणि मागची मागच्या टोकाला. बरोबर? आता गाडीच्या उजव्या अंगाला बाहेर हुबं राहा. गाडीचं तोंड तुमच्या उजवीकडं. पुढच्या दाराची मूठ दाराच्या उजव्या कडंला. आता फिरून डाव्या अंगाला या. तोंड तुमच्या डावीकडं, बूड उजवीकडं. मागच्या दाराची मूठ कुठं? उजव्याच कडंला!

म्हंजे उजवी पुढची आन् डावी मागची एकाच हाताच्या. किल्लीचं भोक सोडलं तर त्याच असायला पायजेत. जर्मनीवाल्या पाव्हण्यांना सांगा, दोन्हीपैकी कंची बी घ्या.

कुर्लापश्चिम

हे वाचून मी उठून खोलीत गोल फिरलो, दोन्ही हात पसरून. बायको विचारते काय झालं.

बरोबर आहे.

उलटादरवाजा

दोन वर्षं!! दोन वर्षं मी लोकांना "राइट फ्रंट" विचारत होतो. गेल्या दिवाळीत भोसरीला एका यार्डात डुक्करचं एक डावं मागचं दार होतं, मुठीसकट. मी बघून सोडून दिलं. आता ते यार्ड उठलं.

सदाशिवपेठी_७२

पुण्यात कोणतीही गोष्ट बघून सोडून देऊ नये. तिथे परत जाईपर्यंत इमारत होते.

उलटादरवाजा

आत्ताच डावी मागची काढून उजव्या पुढच्या दाराला लावून पाहिली. बसली! चौकोनी दांडी चार मिलिमीटर जास्त लांब आहे, कापावी लागेल, पण वक्र, भोकं, सगळं तेच. रात्री पावणेबारा. गाडीला आता उजवीकडून दोन मुठी आहेत आणि डावीकडून एक. भोकं तीच राहिली, फक्त जागा बदलली, पण मनाला बरं वाटतंय. ड्रायव्हरचं दार सतरा अधिक अडीच वर्षांनी बाहेरून उघडलं. आईला झोपेतून उठवून दाखवलं. ती म्हणाली, तुझे आजोबा खिडकीतून हात घालूनच उघडायचे. ती मूठ त्यांच्याही वेळी नव्हती.

साबुदाणावडा

अगं बाई.

व्यवहारी

म्हणजे जी वस्तू मूळ मालकाने कधी शोधलीच नाही ती तुम्ही दोन वर्षं शोधताय. चालू द्या. ते नोंदणीचं काय? पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणता येते का? नाहीतर मुठीसकट शेडमध्येच.

कुर्लापश्चिम

प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. नवीन नोंदणीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो, आणि आजोबांचा तीन अक्षरी नंबर घालवू नका. रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. 'मूळ स्वरूप' म्हटलंय म्हणून तर या मुठी आणि काचांचा एवढा खटाटोप. आरसीचं जुनं पुस्तक सापडलं का?

उलटादरवाजा

आजोबांच्या देवघरात, लाल कापडात. सातबारा आणि आरसी एकत्र.

कोपरगावकर

फोटू कुठे?

उलटादरवाजा

दार उघडं असलेला टाकतो. बंद असलेला नंतर.

*(साडेपाच आठवड्यांनी)*

नेकारकाठ

धागा वर काढतोय. मानहाइमहून आलो.

शनिवारी सकाळी सहाला गेट. पाऊस. पहिले तीन तास हॉरेक्सच्या नादात घालवले, त्याबद्दल क्षमस्व. मग नेकार शोधायला लागलो. फियाटवाल्यांच्या टेबलांवर सगळं ५०० आणि ६०० चं, ती छोटी गाडी सध्या सगळ्यांना हवी आहे. ११०० म्हटलं की खांदे उडवतात. दुपारी दोनला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या ताडपत्रीखाली केळ्यांच्या खोक्यात दारांची सामग्री दिसली. आजी विणत होत्या. मी पुठ्ठ्यावरची आकृती दाखवली, आजोबांनी न बोलता चष्मा बदलला, खोक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक मूठ काढली. आकृतीवर ठेवली. रेषेला रेष.

मागच्या डाव्या दाराची! उद्यमनगरीसाहेबांनी ते गणित मांडलं नसतं तर मी "नाही, उजवी पुढची हवी" म्हणून पुढे गेलो असतो, शपथेवर सांगतो. किंमत तीस युरो म्हणाले. मी गाडी कुठे आहे ते सांगितलं. पुणे म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण १९५५ ची आहे आणि नातवाने वाचवलीय हे आजींना कळलं. वीसला दिली. क्रोमला फोड आहेत, माझाकच आहे, पण शाबूत.

निघताना आजोबांनी आणखी एक वस्तू हातात कोंबली, "हेही अकराशेचंच". पत्र्याची चपटी डबी, बिस्किटाच्या पुड्याएवढी, एका बाजूला झडप, झडपेला तारेचा हुक, दुसऱ्या बाजूला दोन इंचांची गोल नळी. मला नाही ओळखता आली. दोन्ही वस्तू दिवाळीला येणाऱ्या मित्राच्या बॅगेतून पाठवल्यात. फराळाच्या बदल्यात मूठ, असा व्यवहार ठरलाय, चकली विसरू नका.

उलटादरवाजा

मिळाली! मित्राला दोन डबे चकली आणि एक डबा अनारसे दिले. मूठ बसवली. आता उद्यमनगरीकडे चारही एकदम पितळेत ओतायला देणार, ही नमुना म्हणून. काच नाशिकला झाली, रंग रात्रीही लालच दिसतो, मिसळ उत्तम होती.

आता ती डबी. मिस्त्रींना दाखवली, ते म्हणाले एअर फिल्टरचं काहीतरी. गाडीखाली झोपून सगळीकडे लावून पाहिली. कुठेच जागा नाही. भोकंसुद्धा नाहीत. कुणाला माहितीये?

सदाशिवपेठी_७२

कार्बोरेटरला थंडीत गरम हवा देणारी झडप असावी.

उद्यमनगरी

न्हाई, नळी लई मोठी हाय. सायलेन्सरजवळचं काय तर असंल.

कुर्लापश्चिम

वडिलांना फोटो दाखवला. वय ८६, ऐकू कमी येतं, फोटो एक सेकंद पाहिला आणि हसायला लागले. हीटर. डॅशबोर्डखाली बसायचा, ती त्याची पायाकडे हवा सोडणारी झडप. विलायती गाड्यांच्या चित्रात पाहिला होता म्हणाले. आपल्याकडच्या गाड्यांना कुर्ल्यात कधी लावल्याचं त्यांना आठवत नाही. "मुंबईत हीटर कुणाला हवा?"

साबुदाणावडा

मला हवा होता काल रात्री. उणे तीन.

उलटादरवाजा

म्हणजे माझ्या गाडीला कधीच नव्हता! बरं, मग ही अदलाबदलीला. मूळ जर्मन, न गंजलेली, झडप मोकळी फिरते. बदल्यात डुक्करचं डाव्या बाजूचं चाकाचं झाकण, किंवा @सदाशिवपेठी_७२ यांना हवं असलेलं मॉरिस मायनरचं चौथं झाकण कुणाकडे असेल तर तेही चालेल. रविवारी साडेसातला जुन्या बाजाराच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर डबी घेऊन उभा असेन. साबुदाणावडा म्हणतात तशी पाठीवर पाटी लावून.

सदाशिवपेठी_७२

येतो. झाकण सिरीज टूचंच हवं, नंतरचं चालत नाही. पाटीवर तसं लिहा.